सीकेम प्राइम: दीड हजार लिटरच्या टँकला परवडतं का आणि खरंच कामाचं आहे का?

सीकेम कंपनीचं प्राइम म्हणजे माशांच्या टँकच्या पाण्यातलं क्लोरीन मारायचं औषध. आधीच सांगते, हा रिव्ह्यू दोन-अडीच फुटी टँकवाल्यांसाठी नाहीये. छोट्या टँकला प्राइम कसं आहे विचाराल तर मस्त आहे, घ्या, एक बाटली संपता संपत नाही. मी लिहून राहिले ते मोठ्या टँकवाल्यांसाठी, ज्यांच्याकडे सहा फुटी, आठ फुटी टँक आहे, आत अरोवाना, ऑस्कर, टिनफॉइल बार्ब असं सगळं हातभर वाढणारं पाळलेलं आहे आणि पाणी बदलायचं म्हटलं की अर्धा रविवार जातो. या साइजला सगळं गणितच बदलतं, आणि बाटलीवर बारीक अक्षरात जे लिहिलंय ते नीट वाचलं नाही तर पैसे तरी वाया जातात नाहीतर मासे तरी.

आमचा टँक आठ फूट लांब, तीन फूट रुंद, अडीच फूट उंच. 60 घनफूट म्हणजे जवळपास 1700 लिटर, पण वरची चार बोटं रिकामी, खाली वाळू, मधे लाकडाचे दोन मोठे ओंडके, हे सगळं वजा जाता खरं पाणी दीड हजार लिटर धरायचं. डोस काढताना हाच आकडा धरा, काचेच्या मापाचा नको. घर नागपूरला, टँक तळमजल्यावर, कारण नुसत्या पाण्याचंच वजन दीड टन भरतं. पाणी नळाचं, उन्हाळ्यात कधी टँकरचं.

आता प्राइम. पातळ पिवळसर द्रव असतो, झाकण उघडलं की कुजक्या अंड्यासारखा वास येतो. नवीन घेणारे घाबरतात की बाटली खराब आली की काय, तर नाही, गंधकाची संयुगं आहेत त्यात, वास असतोच. आमच्या घरी आई लगेच खिडक्या उघडते, पण पाण्यात गेल्यावर पाच मिनिटांत वास जातो. डोस साधा आहे, 200 लिटरला 5 मिली, म्हणजे एक झाकण. झाकणाच्या आतल्या आट्यांवरूनही मोजता येतं, एक आटा साधारण 1 मिली. मोठ्या टँकला झाकणं मोजत बसण्यापेक्षा मेडिकलमधून 20 मिलीची सिरिंज आणा, सुई काढून टाका, झालं काम, आणि त्या सिरिंजवर मार्करने लिहून ठेवा म्हणजे घरात दुसऱ्या कशाला कोणी वापरणार नाही.

कंपनी सांगते की या डोसात लिटरमागे 5 मिलीग्रॅमपर्यंत क्लोरीन, किंवा 4 मिलीग्रॅम क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनिया मिळून झालेलं), किंवा 1 मिलीग्रॅम अमोनिया (माशांच्या घाणीतून आणि सडण्यातून होणारं विष) निकामी होतो. आपल्याकडच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, म्हणजे आयएस 10500 मध्ये, उरलेलं क्लोरीन कमीत कमी 0.2 आणि जास्तीत जास्त 1 मिलीग्रॅम दिलंय. म्हणजे नळाच्या पाण्यासाठी हा डोस भरपूर झाला. टँकरचं सांगता येत नाही, तिथे ब्लीचिंग पावडर कोणी किती टाकली याचा काही भरवसा नसतो, म्हणून टँकर आला की मी पूर्ण डोस देते आणि आधी टेस्ट करते, टेस्टचं खाली सांगते.

सगळ्यात महत्त्वाची ओळ अशी की पाणी सरळ टँकमध्ये भरत असाल तर डोस अख्ख्या टँकच्या पाण्यावर काढायचा, नवीन पाण्यावर नाही. वेगळ्या टाकीत पाणी घेऊन तिथेच डोस दिला तर फक्त त्या टाकीतल्या पाण्यापुरता पुरतो. छोट्या टँकला या फरकाने काही बिघडत नाही पण आमच्याकडे बघा. नळाला पाइप लावून सरळ भरलं तर दर वेळी 1500 लिटरचा डोस म्हणजे साडेसदतीस मिली, दर आठवड्याला पाणी बदललं तर 500 मिलीची बाटली तीन महिन्यांत साफ. तेच बाहेर 500 लिटरची टाकी ठेवून तिच्यात डोस दिला तर साडेबारा मिली, म्हणजे तीच बाटली चाळीस वेळा पुरते. बाटली महाग आहे हे खरंच आहे, त्यात वाद नाही, पण अर्ध्या लोकांची महाग पडते ही तक्रार टाकी नसल्यामुळे असते.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की मोठ्या टँकवाल्याने प्राइमच्या आधी प्लास्टिकची 500 लिटरची काळी पाण्याची टाकी घ्यावी. पैसे एकदाच जातात. आम्ही ती मागच्या अंगणात पत्र्याच्या शेडखाली ठेवलीय, आदल्या संध्याकाळी भरायची, त्यात एक एअर स्टोन (एअर पंपाच्या नळीला लावायचा, बुडबुडे काढणारा दगड) सोडायचा आणि रात्रभर राहू द्यायची. साधं क्लोरीन असेल तर एवढ्यानेच बरंचसं उडून जातं. क्लोरामाइन असेल तर उडत नाही, तिथे औषधच लागतं. सकाळी टँकमधलं 450 लिटर, म्हणजे तीस टक्के पाणी काढायचं, ते पाइपने बागेत सोडायचं (आमचा लिंबू या पाण्यावर असा फुललाय की शेजारचे विचारतात काय खत देता) आणि टाकीतलं पाणी सबमर्सिबल पंपाने आत घ्यायचं. पंप कूलरचा चालणार नाही, त्याला दम नाही, पाइप अंगणातून हॉलपर्यंत आणि वर टँकच्या काठापर्यंत चढवायचा असतो तेव्हा पाणी थेंब थेंब येतं. तासाला तीन-चार हजार लिटरचा पंप घ्या आणि पाइप एक इंची घ्या. उंची आणि लांबी धरून निम्माच फ्लो मिळतो, तरी वीस-पंचवीस मिनिटांत टँक भरतो. पाणी काढायच्या आधी हीटर बंद करा, काचेचा हीटर गरम असताना उघडा पडला की तडकतो. आमच्याकडे तो थंडीतच लागतो, पण तेव्हा लागतोच.

उन्हाळ्यात अजून एक गोष्ट. गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी हात भाजेल इतकं तापतं. ते पाणी मे महिन्यात सरळ टँकमध्ये सोडणं म्हणजे माशांना शिजवणं आहे. पहाटे भरलेलं, सावलीतलं पाणी घ्या, थर्मामीटर दोन्हीकडे लावा आणि दोन अंशांपेक्षा जास्त फरक असेल तर थांबा.

गर्मीवरूनच प्राइमची दुसरी बारीक ओळ. पाणी 30 अंशांच्या वर असेल आणि क्लोरीन किंवा अमोनिया कमी असेल तर अर्धाच डोस द्यायचा असं बाटलीवर लिहिलंय. विदर्भातल्या माणसाने ही ओळ पेनाने अधोरेखित करून ठेवावी. आमच्या हॉलमध्ये कूलर चालू असतानाही एप्रिल-मेमध्ये टँक 31-32 च्या खाली येत नाही. गरम पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी मावतो, 25 अंशांना लिटरमागे सव्वाआठ मिलीग्रॅम, 30 ला साडेसात, आणि माशांची भूक, श्वास, हालचाल मात्र वाढलेली असते. अशा वेळी क्लोरीन मारणारं कुठलंही औषध ढोसायचं नसतं, ही सगळी क्षपण करणारी रसायनं आहेत, जास्त पडली की पाण्यातल्या ऑक्सिजनवर ताण येऊ शकतो. डोस देताना एअर पंप फुल चालू ठेवा, हा माझा नियम बाराही महिने आहे.

आता खर्च अजून कमी करायचा असेल तर, आणि इथे काही लोक नाराज होतील, रोजच्या पाणी बदलाला प्राइम लागतच नाही. हायपो घ्या, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, खड्यांच्या रूपात केमिकलच्या दुकानात किलोने मिळतं, पूर्वी फोटो स्टुडिओवाले वापरायचे तेच. 1 मिलीग्रॅम क्लोरीनला जास्तीत जास्त 7 मिलीग्रॅम हायपो लागतं, म्हणजे 500 लिटर पाण्यात लिटरला 1 मिलीग्रॅम क्लोरीन असेल तर साडेतीन ग्रॅम पुरे. छोटा डिजिटल काटा घ्या, मगमध्ये विरघळवा, टाकीत ओता, ढवळा. हायपो क्लोरीन मारतं आणि तिथेच त्याचं काम संपतं, अमोनियाला ते हात लावत नाही. पाण्यात क्लोरामाइन असेल तर क्लोरीनचा भाग जातो पण अमोनिया सुटा होऊन मागे राहतो, आणि तिथे प्राइमला पर्याय म्हणून हायपो धरू नका. याच कंपनीचं सेफ नावाचं पावडर पण आहे, ते प्राइमचंच काम करतं आणि मोठ्या टँकला स्वस्त पडतं, फक्त डोस इतका चिमूटभर असतो की काट्याशिवाय अजिबात वापरू नका.

टेस्टचं सांगते म्हटलं होतं. क्लोरीन बघायला ओटी टेस्ट, गावात जलसुरक्षक नळाचं पाणी छोट्या नळीत घेऊन थेंब टाकून बघतात ना, तीच. पाणी पिवळं झालं म्हणजे क्लोरीन आहे, जितकं गडद तितकं जास्त. टाकीत डोस दिल्यावर दहा मिनिटांनी पुन्हा नळी भरायची, पांढऱ्या कागदापुढे धरायची आणि पिवळेपणाचा मागमूस नसेल तरच पंप चालू करायचा. तपासलेलं पाणी फेकून द्यायचं, परत टाकीत ओतायचं नाही. दीड हजार लिटरमध्ये एकदा चुकीचं पाणी गेलं की परत काढता येत नाही, म्हणून ही दोन मिनिटं मी कधीच सोडत नाही.

मग प्राइम घ्यायचंच कशाला? इमर्जन्सीसाठी. माझ्या मते मोठ्या टँकवर या बाटलीचं खरं काम तेच आहे.

आमच्याकडे एकदा एक मोठा टिनफॉइल बार्ब ओंडक्याच्या मागे मरून पडला होता. एवढ्या मोठ्या टँकमध्ये एक मासा दिसला नाही तर लगेच लक्षात येत नाही. पाणी किंचित दुधाळ झालं, ऑस्कर कोपऱ्यात जाऊन उभा राहिला, कल्ले जोरात हलत होते. टेस्ट केली तर अमोनिया लिटरमागे 1 मिलीग्रॅम. आता 1 आकडा छोटा वाटतो पण पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कली आहे ते) आणि तापमान बघा. पीएच 7 असतं तर 30 अंशांना त्यातला एक टक्कासुद्धा विषारी रूपात नसता. आमचं पाणी 8 च्या आसपास, तिथे हा विषारी भाग सात टक्क्यांच्या वर जातो. म्हणजे तेवढ्याच रीडिंगला आमच्याकडे नऊ-दहा पट धोका. इथे अर्धा डोस नाही चालत, अमोनिया चढलेला आहे, म्हणून अख्ख्या टँकचा पूर्ण डोस, साडेसदतीस मिली, दोन्ही एअर पंप फुल, खाणं बंद, मेलेला मासा बाहेर, आणि मग टाकीत पाणी तयार करून चाळीस टक्के बदल, दुसऱ्या दिवशी परत. ऑस्कर संध्याकाळपर्यंत मधे यायला लागला.

याचं श्रेय नक्की कोणाला? प्राइम अमोनिया खरंच बांधतं का यावर हॉबीत बरेच वाद आहेत, काहींच्या घरगुती टेस्टमध्ये फरक दिसला नाही, कंपनी म्हणते 24 ते 48 तास बांधून ठेवतं आणि तेवढ्यात फिल्टरचे बॅक्टेरिया तो खातात. मी माझ्यापुरतं असं ठरवलंय की प्राइमने मला पाणी तयार होईपर्यंतचा वेळ दिला असं धरायचं आणि खरा उपाय पाणी बदलच मानायचा. बाटली ओतून झोपायला गेलो असं करू नका. एक अजून, प्राइम टाकल्यावर नेसलर प्रकारची अमोनिया टेस्ट, जी पिवळी-तपकिरी होते, ती चुकीचं दाखवते, उगाच घाबरून लोक परत डोस मारतात. हिरवी होणारी सॅलिसिलेटवाली किट घ्या.

ज्यांनी खूप महिने पाणीच बदललं नाही आणि आता एकदम जोश आलाय त्यांच्यासाठी खास. जुन्या टँकचा पीएच हळूहळू खाली घसरतो, 6 पर्यंत जातो, आणि तिथे अमोनिया साचलेला असला तरी तो निरुपद्रवी रूपात असतो, म्हणून मासे ठीक दिसतात. त्यात तुम्ही 8 पीएचचं निम्मं पाणी ओतलं की तोच अमोनिया एकदम विषारी होतो आणि लोक म्हणतात पाणी बदललं म्हणून मासे मेले. आधी टँक आणि नळ दोन्हींचा पीएच मोजा. फरक मोठा असेल तर प्राइमचा पूर्ण डोस आधी, आणि पाणी रोज दहा टक्क्यांनी. घाई नको.

नायट्राइट (फिल्टरचे बॅक्टेरिया अमोनियापासून बनवतात ते दुसरं विष) चढला तर बाटलीवर पाचपट डोसपर्यंत परवानगी दिलीय, पण दीड हजार लिटरला पाचपट म्हणजे 187 मिली, एका दिवसात तिसरा हिस्सा बाटली. त्यापेक्षा खडे मीठ घ्या. लिटरला पाव ग्रॅम, म्हणजे आमच्या टँकला 375 ग्रॅम, बादलीत विरघळवून हळूहळू सोडायचं. मिठातलं क्लोराइड कल्ल्यांमधून नायट्राइटला आत शिरू देत नाही. स्वस्त आहे आणि खात्रीचं आहे.

आणि जिथे प्राइमचा काहीच उपयोग नाही ती इमर्जन्सी, लाइट जाणे. आमच्याकडे मे महिन्यात संध्याकाळी वादळ येतं, झाड तारांवर पडतं, की रात्रभर लाइट नाही. मोठे मासे, गरम पाणी, बंद फिल्टर, तासा-दीड तासात अरोवाना वर येऊन तोंड उघडायला लागतो. इथे औषध ओतायचं नाही, हवा द्यायची. इन्व्हर्टरवर अख्खा टँक टाकू नका, फक्त एअर पंपाची लाइन टाका. 35 वॅटचा एअर पंप 150 एएचच्या चांगल्या बॅटरीवर दुसरा लोड नसेल तर अख्खी रात्र आरामात निघतो, तेच मोठा रिटर्न पंप (फिल्टरचं पाणी परत टँकमध्ये टाकणारा), पंखे सगळं लावलं तर मध्यरात्रीच अंधार. त्या एअर पंपावर दोन मोठे स्पंज फिल्टर कायम चालू ठेवा, म्हणजे हवा तर मिळतेच, थोडे बॅक्टेरियाही जिवंत राहतात. कॅनिस्टर फिल्टर (टँकबाहेरचा बंद डब्याचा) असेल आणि तो बरेच तास बंद राहिला असेल तर लाइट आल्या आल्या चालू करू नका, आत सडलेलं पाणी असतं, ते सगळं टँकमध्ये येतं. उघडा, आतलं पाणी फेका, मीडिया (आतलं स्पंज वगैरे) टँकच्याच पाण्यात खंगाळा, मग लावा. सम्पवाल्यांनी (ज्यांचा फिल्टर टँकखालच्या वेगळ्या टाकीत आहे) रिटर्न पाइपला पाण्याच्या पातळीजवळ सायफन तोडणारं भोक आहे ना ते बघून घ्या, नाहीतर लाइट गेल्यावर टँकचं पाणी उलट सम्पमध्ये आणि तिथून फरशीवर.

लीकेजला मात्र प्राइम परत कामाला येतं. ओळखीतल्या एकांच्या सहा फुटी टँकचा कोपऱ्याचा सिलिकॉन सुटला, धार लागली. 200 लिटरचे निळे ड्रम आणले, एका ड्रमला एक झाकण प्राइम, एक एअर स्टोन, अर्धं टँकचं पाणी अर्धं नळाचं, इतकं सोपं गणित त्या धावपळीत फार उपयोगी पडतं. अरोवाना जाळीने उचलू नका, खवले निघतात, मिशा तुटतात. जाड पॉलिथीनची मोठी पिशवी पाण्यातच पसरा, माशाला आत घ्या, पाण्यासकट दोघांनी उचला, आणि ड्रमवर झाकण ठेवून वर वजन ठेवा कारण तो उडी मारतोच. हे सगळं करण्याआधी टँकच्या सगळ्या पिना काढा. टँकच्या लाइनला 30 मिलीअँपचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) नसेल तर प्राइमची बाटली पुढच्या महिन्यात घ्या, हा या महिन्यात बसवा, ओल्या हाताने काम करणारा माणूस माशांपेक्षा आधी.

विकत घेताना एवढं बघा, दुकानात छोट्या बाटलीत सुटं भरून देतात ते घेऊ नका, डोस कशाच्या भरवशावर काढणार? मला एका ऑनलाइन विक्रेत्याकडून झाकणाचं सील सुटलेली, खोक्यात अर्धी सांडलेली बाटली आली होती, परत घ्यायला त्यांनी बरेच दिवस लावले, म्हणून आता मी दुकानातून सील बघूनच घेते. 500 मिलीच घ्या, छोटी बाटली लिटरमागे महाग पडते.

पाचपैकी चार देईन. एक यासाठी कापला की 30 अंशांची ओळ इतक्या बारीक अक्षरात छापलीय की चष्मा लावूनही शोधावी लागते, आणि गरम प्रदेशात विकताना ती मोठी छापायला हवी. मी आमच्या टँकच्या कपाटाच्या आतल्या बाजूला कागद चिकटवलाय: टाकी 500 लिटर, साडेबारा मिली, अख्खा टँक, साडेसदतीस मिली, गरम पाणी आणि अमोनिया नाही, निम्मं, लाइट गेली, औषध नाही, फक्त हवा. मी घरी नसले तरी बाबा तो वाचून सगळं करतात.